फुगा फुगला, पाण्याचे काय?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेलो की एक प्रतिकृती आम्हाला हमखास भेटते. एक बाटली, तिच्यात पनीर काढून उरलेले पाणी किंवा आंबट ताक, तोंडाला बांधलेला टम्म फुगा आणि मागे रंगीत तक्ता : ‘सांडपाण्यातून शुद्ध पाणी व फुकट ऊर्जा’. अशाच एका प्रतिकृतीपाशी उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलीला आम्ही विचारले, “फुग्यात काय आहे?” तिने लगेच उत्तर दिले, “मिथेन.” “कशावरून?” ती गप्प झाली. “बरं, प्रदर्शन संपल्यावर बाटलीतलं पाणी कुठे ओतणार?” यावर मात्र तिने प्रामाणिकपणे सांगितले, “मोरीत, सर.”

दोष त्या मुलीचा नव्हता. हेच दोन प्रश्न आम्ही सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या उद्घाटनाला वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांना विचारले, तरी त्यांची उत्तरे फारशी वेगळी मिळत नाहीत. ऑक्सिजनविना होणारे पचन, म्हणजे विनॉक्सी पचन, ही आमच्या मते सांडपाण्यावरची फार मोलाची पद्धत आहे. म्हणूनच तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या दाव्यांची तपासणी करणे आम्हाला आवश्यक वाटते. चांगल्या पद्धतीची बदनामी तिच्या विरोधकांपेक्षा तिच्या भाटांकडून अधिक होते.

फुग्यातला वायू कोणता?

सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ किती, हे मोजण्याची एक सोय म्हणजे तो पदार्थ पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते पाहणे. रसायनांच्या साहाय्याने मोजला तर तो ‘सीओडी’ आणि जीवाणूंनी ठरावीक दिवसांत वापरला तेवढाच मोजला तर ‘बीओडी’. आपल्याकडे बीओडी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांनी मोजतात. सीओडी म्हणजे पाण्याची ऑक्सिजनची भूक, असे वर्गात सांगायला हरकत नाही. असे पाणी ओढ्यात सोडले की ते आपली भूक ओढ्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर भागवते आणि मासे गुदमरतात.

आता विनॉक्सी पचनात ऑक्सिजन येतच नाही. मग ही भूक भागते कशी? ती भागत नाही. ती जागा बदलते. आधी मोठे रेणू फुटून लहान होतात. त्यांपासून आम्ले बनतात. त्या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि अखेर मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन बनवतात. मिथेन पाण्यात फार विरघळत नाही, म्हणून तो बाहेर पडतो आणि जाताना ऑक्सिजनची भूक सोबत नेतो. कार्बन डायऑक्साइड तर आधीच पूर्ण जळलेला. त्याला कसलीच भूक नाही. तेव्हा पाण्यातून निव्वळ कार्बन डायऑक्साइड निघून गेला, तर पाण्याची भूक जवळपास होती तेवढीच राहते.

प्रदर्शनातला फुगा दीड-दोन दिवसांत फुगतो. मिथेनजनकांची संख्या दुप्पट व्हायलाच कित्येकदा दोन दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आम्ले बनवणाऱ्या जीवाणूंना काही तास पुरतात. म्हणजे त्या फुग्यात मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड आणि थोडाफार हायड्रोजन असण्याची शक्यता मोठी. पाणी स्वच्छ झालेले नाही. ते फक्त आंबलेले आहे. आणि एकदा ते पुरेसे आंबट झाले की मिथेनजनकांचे कामच थांबते, कारण त्यांना सामू साधारण ६.८ ते ७.५ एवढाच मानवतो. प्रतिकृती यशस्वी दिसते तेव्हाच पद्धत अपयशी ठरलेली असते.

जाता जाता एक दुरुस्ती. हे मिथेनजनक ‘जीवाणू’ नव्हेत. कार्ल वूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की ते सजीवांच्या एका वेगळ्याच शाखेतले आहेत. तिला आज आर्किया म्हणतात. तक्त्यांवर मात्र अजूनही ‘मिथेन बॅक्टेरिया’च वावरताना दिसतात.

पद्धतीचे खरे श्रेय

वायू मिळतो हे या पद्धतीचे सर्वांत जुने आकर्षण. इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये सेप्टिक टाकी बांधली आणि तिच्यातील वायूवर दिवे लावले. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतून वायू गोळा केल्याची नोंद या विषयाच्या इतिहासात नेहमी येते. पण या सर्व टाक्यांची अडचण एकच होती. सूक्ष्मजीव सावकाश वाढतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. त्यांना वाढायला वेळ द्यायचा तर पाणी कित्येक आठवडे साठवावे लागते. शेणाच्या काल्याला हे चालते. रोज लाखो लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्याला चालत नाही.

ही अडचण सुटली ती पाण्याचा मुक्काम आणि सूक्ष्मजीवांचा मुक्काम वेगळे करण्याच्या कल्पनेने. अमेरिकेत यंग व मॅकार्टी यांनी १९६९ मध्ये दगडांच्या थरावर सूक्ष्मजीव धरून ठेवणारी गाळणी मांडली. त्यानंतर नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे खाट्झे लेटिंगा यांनी बीटसाखर कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करताना दगडही काढून टाकले. पाणी टाकीच्या तळातून संथपणे वर चढते, सूक्ष्मजीव एकमेकांना चिकटून साबुदाण्यासारखे जड कण बनवतात, आणि वरच्या बाजूला उलट्या नरसाळ्यासारखी रचना वायू, पाणी व गाळ यांना वेगळे करते. ही ‘यूएएसबी’ पद्धत. पाण्याचा मुक्काम काही तासांचा, गाळाचा काही महिन्यांचा. लेटिंगांनी या पद्धतीचे एकस्व घेतले नाही. ती जगभर, विशेषतः उष्ण देशांत, पसरण्यामागे हेही एक कारण आहे. २००७ मध्ये त्यांना पर्यावरणविषयक टायलर पुरस्कार मिळाला.

या पद्धतीचे दोन फायदे निर्विवाद आहेत. हवा फुंकण्यासाठी वीज लागत नाही. आणि गाळ फार कमी तयार होतो : हवेच्या पद्धतीत एक किलो सीओडी काढताना साधारण ४०० ग्रॅम कोरडा गाळ होतो, तर विनॉक्सी पद्धतीत सहसा १०० ग्रॅमहून कमी. आमच्या मते या पद्धतीचे खरे श्रेय वायूपेक्षा या दोन गोष्टींत आहे. पण न लागलेली वीज आणि न झालेला गाळ यांचा फुगा बांधता येत नाही, म्हणून तक्त्यावर ते कधी येत नाहीत.

नव्वद टक्के म्हणजे किती?

मळीपासून मद्यार्क बनवणाऱ्या आसवनीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या साखर पट्ट्यात हा विषय घरोघरी माहीत आहे. एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर गडद तपकिरी, गरम सांडपाणी निघते. त्याला सगळे ‘स्पेंटवॉश’च म्हणतात. त्याचा बीओडी लिटरमागे ४०,००० ते ५०,००० मिलिग्रॅम असतो. विनॉक्सी पचनाने यातला ८० ते ९० टक्के भाग जातो आणि भरपूर वायू मिळतो. तो बॉयलरमध्ये वापरला जातो. हे सर्व खरे आहे.

आता वजाबाकी करून पाहू. बीओडी ४५,००० धरला आणि ९० टक्के काढला, तर उरले ४,५००. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ‘९० टक्के शुद्ध’ झालेले हे पाणी मर्यादेच्या दीडशे पट आहे. शहराच्या कच्च्या मैलापाण्याचा बीओडी २०० ते २५० च्या आसपास असतो. त्याच्याही ते सुमारे वीस पट आहे. रंग तर जातच नाही, कारण तो मेलॅनॉइडिन नावाच्या पदार्थांचा असतो आणि सूक्ष्मजीवांना ते सहजासहजी पचत नाहीत. म्हणूनच आसवन्यांना पचनानंतर हे पाणी आटवणे, जाळणे किंवा प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करणे अशा पुढच्या पायऱ्या कराव्या लागतात.

टक्केवारी खोटी नसते, अपुरी असते. किती काढले ते ती सांगते, किती उरले ते सांगत नाही. ओढ्यातल्या माशाला मात्र उरलेल्याशीच कर्तव्य असते. परीक्षेत ९० टक्के गुण मिळवणाऱ्याचे कौतुक करण्याची आपली सवय इथे आड येते, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगायला हवे.

दुधाचे पाणी साधे नाही

डेअरीचे सांडपाणी स्पेंटवॉशपेक्षा पुष्कळ सौम्य असते, आणि दूध हा पौष्टिक पदार्थ, तेव्हा सूक्ष्मजीवांना ते आवडणारच, असा समज असतो. प्रत्यक्षात दुधाचे तीन घटक तीन निराळ्या खोड्या करतात.

दुग्धशर्करा फार लवकर आंबते. पाण्यात आम्ल झेलणारी बायकार्बोनेटची शिल्लक नसेल, तर सामू झपाट्याने घसरतो. केसीन हे प्रथिन पचायला सूक्ष्मजीवांना सवय व्हावी लागते. तोवर टाकीत फेस येतो. आणि स्निग्धांश? कागदावर सर्वांत जास्त मिथेन देणारा घटक हाच. पण त्यापासून सुटणारी लांब साखळीची मेदाम्ले गाळाच्या कणांना चिकटतात, त्यांचे काम मंदावतात आणि कणांना हलके करून तरंगवतात. ज्या जड कणांच्या भरवशावर यूएएसबी उभी आहे, तेच कण पाण्याबरोबर बाहेर पडतात. याशिवाय यंत्रे धुण्यासाठी कधी कॉस्टिक सोडा, कधी नायट्रिक आम्ल वापरतात. त्यामुळे सांडपाण्याचा सामू एकाच दिवसात दोन्ही टोके गाठून येतो.

एका दूध प्रकल्पात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. लोणी विभागातले धुण्याचे पाणी स्निग्धांश वेगळा न करताच टाकीत सोडले गेले. काही दिवसांत बाहेर पडणाऱ्या पाण्यावर काळ्या गाळाची साय दिसू लागली आणि वायूची ज्योत विझली. टाकी चालवणाऱ्या कामगाराला बिघाड सर्वांत आधी कळला होता. “साहेब, वास बदललाय,” असे तो सांगत होता. पण नोंदवहीत वासाचा रकाना नव्हता. टाकी पुन्हा मार्गी लागायला काही महिने गेले आणि तेवढा काळ पाणी शेजारच्या ओढ्यात जात राहिले. यात पद्धतीचा दोष नव्हता. आधी समतोल टाकी हवी, चरबी वेगळी करायला हवी, सामू रोज पाहायला हवा, या साध्या अटी पाळल्या गेल्या नव्हत्या. पण ज्या माहितीपत्रकावर भरवसा ठेवून टाकी घेतली, त्यात या अटींना एक ओळही नव्हती.

फुकट ऊर्जेचा हिशेब

हा हिशेब अकरावीच्या विद्यार्थ्याला जमेल इतका सोपा आहे. मिथेनच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. म्हणजे १६ ग्रॅम मिथेनची भूक ६४ ग्रॅम ऑक्सिजन, आणि १६ ग्रॅम मिथेन शून्य अंशाला २२.४ लिटर जागा व्यापतो. यावरून एक किलो सीओडीपासून जास्तीत जास्त ३५० लिटर मिथेन मिळतो. यापेक्षा जास्तीचा दावा कोणी केला, तर तो ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाशी भांडतो आहे असे समजावे.

रोज एक लाख लिटर दूध हाताळणारी डेअरी धरू. तिचे सांडपाणी दोन लाख लिटर आणि सीओडी लिटरमागे २,५०० मिलिग्रॅम मानू. रोजचा सीओडी झाला ५०० किलो. त्यातला ८० टक्के निघाला, तर १४० घनमीटर मिथेन. उष्णतेच्या मानाने तो सुमारे ११० किलो एलपीजीच्या, म्हणजे घरगुती साडेसात-आठ सिलिंडरांच्या बरोबरीचा. हे काही कमी नाही.

पण तीन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, पाण्यात उरलेला सीओडी ५०० मिलिग्रॅम आहे आणि सर्वसाधारण मर्यादा २५० ची. तेव्हा मागे हवेची एक पायरी लागणारच. शिवाय प्रथिनांतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने आणि फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपाने पाण्यातच राहतो. विनॉक्सी टाकी त्यांना हात लावत नाही. पुढे तळ्यात जलपर्णी माजते ती त्यांच्यावर.

दुसरी, हे दोन लाख लिटर पाणी फक्त दहा अंशांनी तापवायला सुमारे ८,४०० मेगाज्यूल उष्णता लागते, आणि आपला सगळा मिथेन जाळून मिळतात सुमारे ५,०००. म्हणजे पातळ सांडपाणी स्वतःच्या वायूवर तापवणे परवडत नाही. ही पद्धत आपल्या हवेत चालते ती सूर्याच्या कृपेने. थंड प्रदेशात हेच पाणी निराळे गणित मांडते.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक लिटर दुधाचा सीओडी सुमारे २०० ग्रॅम असतो. मग ५०० किलो सीओडी म्हणजे काय? तो बहुतांशी दुधाचाच आहे असे मानले, तर रोज सुमारे २,५०० लिटर दूध गटारात गेले! दोन्हींचे आपल्या गावातले भाव घेऊन मुलांना गणित करू द्यावे : एका बाजूला अडीच हजार लिटर दूध, दुसऱ्या बाजूला साडेसात-आठ सिलिंडर. गळणारा व्हॉल्व्ह बदलणे, टँकर धुण्याआधी पूर्ण निथळू देणे, पनीरचे पाणी वेगळे काढून त्याची भुकटी किंवा पेय बनवणे, ही कामे प्रक्रिया केंद्राच्या दारात येण्यापूर्वीची आहेत. ‘टाकाऊतून ऊर्जा’ या घोषणेचा धोका असा, की ती टाकाऊ वाढल्याचाही आनंद मानायला शिकवते.

जो मिथेन दिसत नाही

मिथेन फार विरघळत नाही असे आपण वर म्हटले. पण थोडा विरघळतोच. टाकीतल्या परिस्थितीत लिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम. दाट सांडपाण्यात हा अंश नगण्य ठरतो. शहरी मैलापाण्याचे मात्र तसे नाही. कानपूरच्या जाजमऊ येथे गंगा कृती योजनेखाली १९८९ मध्ये रोज ५० लाख लिटरची यूएएसबी टाकी सुरू झाली. पुढे यमुना कृती योजनेत हरियाणा व उत्तर प्रदेशात अशा अनेक टाक्या बांधल्या गेल्या. मैलापाण्याचा सीओडी ४०० मिलिग्रॅम आणि त्यातला ७० टक्के निघाला असे धरले, तर लिटरमागे फार तर ७० मिलिग्रॅम मिथेन होतो. त्यातले १५ पाण्यातच राहिले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. हे पाणी उघड्या तळ्यात पोहोचले की तो हिस्सा हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात असा मिथेन वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमानवाढ घडवतो. तेव्हा ‘पर्यावरणपूरक’ हे विशेषण लावण्यापूर्वी गळती मोजायला हवी. टाकीतला वायू न वापरता नुसता हवेत सोडणे तर सर्वांत वाईट. निदान तो जाळला तरी पाहिजे.

वर्गात काय करावे?

आमची टीका वाचून कोणी बाटली-फुग्याची प्रतिकृती बंद करू नये. ती तीन बाटल्यांची करावी. पहिलीत नुसते पनीरचे पातळ केलेले पाणी, दुसरीत ताज्या शेणाचा पातळ काला, तिसरीत तोच काला आणि रोज एक लहान चमचा पनीरचे पाणी. शेण स्वतःही वायू देते. म्हणून दुसरी बाटली तुलनेसाठी हवीच. रोज सामू-कागदाने सामू पाहावा आणि चार आठवडे नोंद ठेवावी. वायू नळीने चुन्याच्या निवळीतून नेऊन पालथ्या बाटलीत जमा करावा. निवळी दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड आहे. एक लिटर निवळी जेमतेम अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइडचा चुनखडीचा साका बनवू शकते, म्हणून ती वेळोवेळी बदलावी. काचेची बाटली घट्ट बंद करू नये, प्रयोग मोकळ्या हवेत ठेवावा आणि वायू पेटवून पाहण्याचा मोह मुलांनीच नव्हे, शिक्षकांनीही टाळावा. त्यात हायड्रोजन असू शकतो.

पहिल्या बाटलीतून वायू सर्वांत आधी येईल आणि बहुधा सर्वांत आधी थांबेल. तिसरी उशिरा सुरू होईल, पण नीट सांभाळली तर टिकेल. सामूचा आलेख शेजारी लावला की कारण मुलांनाच दिसेल.

आणि जवळच्या डेअरीच्या किंवा कारखान्याच्या प्रक्रिया केंद्रावर सहल नेलीच, तर किती टक्के शुद्धीकरण होते हे विचारू नये. लिटरमागे किती उरते, गाळ कुठे जातो, वायूचे काय करता आणि टाकी शेवटची कधी बिघडली होती, एवढे विचारावे. टाकी चालवणाऱ्या माणसाशीही बोलावे. त्याला वास कळतो.

त्या आठवीतल्या मुलीला आम्ही तिच्याच वहीत दोन प्रश्न लिहून दिले होते : फुग्यात काय आहे, आणि पाण्यात काय उरले आहे? पुढच्या प्रदर्शनात तिचा फुगा लहान असला तरी चालेल. तक्त्यावर या दोन प्रश्नांची उत्तरे असली, तर आम्ही तिला पहिला क्रमांक देऊ.